नव्या कर्जाने जुने कर्ज फिटत नाही

मासिक वेतनावर संसार चालविणाऱ्या कुटुंबाला महिन्याच्या उत्तरार्धात चार-पाच हजार रुपयांची निकड भासावी यात नवल नाही. मुलांचे शुल्क, घरातील आजारपण, थकलेले घरभाडे असे कोणतेही निमित्त त्यास पुरते. पूर्वी अशा वेळी शेजाऱ्याकडून हातउसने मिळत, अथवा किराणा दुकानदार उधारी वाढवून देई. आज भ्रमणध्वनीवरील ॲपमधून काही मिनिटांत कर्ज मंजूर होते आणि पगाराच्या दिवशी ते परत करावयाचे असते. गावातील खाजगी सावकारही ‘पगार होईपर्यंत’ या बोलीवर पैसे देतो. गरज खरी असते आणि रक्कमही लहान असते. संकट सुरू होते ते पुढच्या महिन्यात.

चक्र कसे फिरते?

समजा, एखाद्या शाळेतील शिपायाने महिन्याच्या मुदतीने दहा हजारांचे कर्ज घेतले. शुल्क म्हणून एक हजार रुपये आधीच कापले गेले व हाती नऊ हजार आले. बोलताना हा दर ‘शेकडा दहा’ एवढा सौम्य वाटतो. परंतु हाती आलेल्या रकमेवर हिशेब केल्यास तो दरसाल शेकडा १३३ पडतो. मुदत पंधरा दिवसांची असेल, तर हाच दर दरसाल शेकडा २७० पर्यंत जातो.

पगार झाला की दहा हजार एकदम भरावे लागतात. ते भरले तर घरखर्चास काही उरत नाही. म्हणून तो हजार रुपये देऊन महिन्याची मुदत वाढवून घेतो. असे बारा महिने केल्यावर बारा हजार रुपये भरून होतात, आणि मुद्दल मात्र जसेच्या तसे उभे राहते. मधल्या काळात एकाचा तगादा चुकविण्यासाठी दुसऱ्याचे, दुसऱ्यासाठी तिसऱ्याचे आणि तिसऱ्यासाठी चौथ्याचे कर्ज निघते. आता डोक्यावर चाळीस हजारांचे मुद्दल असते आणि केवळ मुदतवाढीपायी दरमहा चार हजार रुपये जात असतात.

सुटकेचा हिशेब

हेच चाळीस हजार रुपये पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेकडून दरसाल शेकडा १२ दराने, घटत्या शिलकेवर, दोन वर्षांसाठी मिळाले, तर मासिक हप्ता सुमारे १,८८३ रुपये येतो. चोवीस महिन्यांत एकूण सुमारे ४५,२०० रुपये भरले की खाते बंद होते. दरमहा चार हजारच भरण्याची तयारी ठेवली, तर ते अकरा महिन्यांत बंद होते. जी रक्कम कर्ज जिवंत ठेवण्यात खर्च होत होती, त्याच रकमेत ते वर्षाच्या आत संपते. पगार तोच, माणूस तोच. केवळ कर्जाचे स्वरूप बदललेले असते.

यासाठी प्रथम सर्व देणी एका कागदावर उतरवावीत : कोणाचे, मुद्दल किती, प्रत्यक्ष हाती किती आले, आजवर किती भरले व मुदत केव्हा संपते. नंतर एकच स्वस्त व हप्तेबंद कर्ज घेऊन सर्व जुनी खाती त्याच आठवड्यात बंद करावीत आणि प्रत्येकाकडून बेबाकी दाखला घ्यावा. दिलेले कोरे धनादेश, मुद्रांक व एटीएम कार्ड परत मागावे. ॲपला बँक खात्यातून परस्पर वसुलीची दिलेली संमती कर्ज फिटताच रद्द करावी. हे न करता नवे कर्ज हाती घेतले, तर चार देण्यांची पाच होतात.

पतसंस्थेचे सभासदत्व प्रत्येकाला, विशेषतः कंत्राटी कर्मचाऱ्याला, मिळतेच असे नाही. अशा घराने बँकेतील सोनेतारण कर्ज किंवा घरातील स्त्रीचा बचत गट यांचा विचार करावा. ज्यांना लागू आहे त्यांना भविष्य निर्वाह निधीतील अग्रिमही घेता येतो. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर सर्वांत महागडे कर्ज आधी फेडावे व इतरांकडे हप्त्यांची लेखी मागणी करावी.

कायद्याचा आधार

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. आज राज्यात महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा या कायद्यान्वये गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. चक्रवाढ व्याजास मनाई आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

बँका व वित्तीय कंपन्यांच्या वतीने चालणारी ॲप्स रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येतात. सप्टेंबर २०२२ च्या व त्यानंतर मे २०२५ च्या निर्देशांनुसार कर्जदाराला सर्व शुल्कांसह वार्षिक दर आधी लेखी कळविणे बंधनकारक आहे. ठरावीक काळात मुद्दल व तेवढ्याच दिवसांचा खर्च भरून, दंडाविना, कर्ज परत करता येते. भ्रमणध्वनीतील नातेवाइकांचे क्रमांक वा छायाचित्रे पाहण्याचा ॲपला अधिकार नाही. नियमित ॲप्सची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. धमकी वा बदनामी झाल्यास १९३० या क्रमांकावर व पोलीस ठाण्यात त्वरित तक्रार करावी.

गावाची जबाबदारी

कर्जापेक्षा कर्जाची लाज माणसाला अधिक एकाकी करते. पगाराच्या दिवशीच खाते रिकामे होणे, वारंवार उचल मागणे, फोन वाजताच बाहेर निघून जाणे ही लक्षणे मुख्याध्यापकाला व कार्यालय प्रमुखाला सर्वप्रथम दिसतात. त्यांनी चारचौघांत विचारणा न करता त्या सहकाऱ्यासोबत बसून देण्यांचा कागद तयार करावा. ग्रामपंचायतीने परवानाधारक सावकारांची नावे व शासनाने ठरविलेले व्याजदर फलकावर लावावेत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावेत. शिक्षकांनी गणिताच्या तासाला ‘शेकडा दहा’ म्हणजे वर्षाला किती, हे उदाहरण सोडवून घ्यावे. ते उत्तर वहीतून घरी पोहोचेल, आणि पुढच्या निकडीच्या वेळी सही करण्यापूर्वी घरातील कोणीतरी हिशेब विचारील.