न बजावलेली वॉरंटे



वसंत व्याख्यानमालेची प्रथा १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. न्यायासनावर बसणाऱ्या माणसाने लोकशिक्षणाचा हा वृक्ष लावला, तेव्हा त्याच्या सावलीत कोर्टकचेरीचा विषय काढला तर तो अगदीच आगंतुक ठरू नये. काव्य आणि अध्यात्म यांवरील व्याख्यानांनंतर ‘वॉरंट’ हा शब्द कानाला खडबडीत लागेल, याची मला कल्पना आहे. परंतु न्हावा शेवा, जसखार, सोनारी, करळ या बंदराभोवतीच्या गावांत या एका शब्दाने किती घरांची झोप उडते, हे आपण जाणताच.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. पुष्कळांना असे वाटते की, वॉरंट निघाले आणि दोनचार वर्षे कोणी पकडावयास आले नाही, म्हणजे ते आपोआप मेले. कायदा असे म्हणत नाही. पकडवॉरंट बजावले जाईपर्यंत, किंवा ज्या कोर्टाने ते काढले ते कोर्ट रद्द करीपर्यंत जिवंत राहते, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तोच नियम कलम ७२ मध्ये आहे. माणूस म्हातारा होतो, कज्जा म्हातारा होतो, साक्षीदार परलोकवासी होतात. वॉरंट मात्र म्हातारे होत नाही.

वॉरंट एकाएकी आकाशातून पडत नाही. त्याला पायऱ्या आहेत. पहिली पायरी समन्स: अमुक तारखेस हजर राहा, असे बोलावणे. त्याला मान दिला नाही तर जामीनपात्र वॉरंट: पोलीस आले, जामीन दिला, तारखेस येण्याचे कबूल केले की माणूस तेथल्या तेथे सुटतो. तरीही गैरहजर राहिला तर अजामीनपात्र वॉरंट. त्याच्यापुढे जाहीरनामा, मालमत्तेची जप्ती, आणि ‘फरार’ हा शिक्का. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली इंदर मोहन गोस्वामी यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की, अजामीनपात्र वॉरंट यांत्रिकपणे काढू नये. सर्वसाधारणपणे आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, असा क्रम असावा. म्हणजे पहिल्या एकदोन पायऱ्यांवरच माणूस सावध झाला, तर शेवटची पायरी सहसा येतच नाही.

मग येथे इतकी माणसे शेवटच्या पायरीपर्यंत का जातात? सगळीच काही पळपुटी नसतात. मला आज मुख्यतः हेच सांगावयाचे आहे की, आपल्या भागात न पळता फरार होणे फार सोपे झाले आहे.

याचे कारण आपल्या भूमीच्या इतिहासात आहे. २६ मे १९८९ रोजी हे बंदर सुरू झाले. त्यासाठी जमिनी गेल्या, गावे उठली. शेव्याच्या जुन्या कोळीवाड्यातील कुटुंबे खाडीकाठावरून उठवून उरणजवळ बोरी पाखाडी येथे हनुमान कोळीवाडा म्हणून वसविण्यात आली, आणि तेथेही वाळवीने घरे पोखरल्यामुळे पुष्कळांना पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले. आता विचार करा. समन्स बजावणारा शिपाई कागदावरील पत्त्यावर जातो. माणूस भेटला नाही तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरातील प्रौढ व्यक्तीकडे समन्स द्यावे, असा नियम आहे. पूर्वीच्या कायद्यात ही व्यक्ती पुरुषच असावी लागे. नव्या संहितेने ती अट काढून टाकली, हे बरे झाले. कोणीच भेटले नाही तर समन्स घराच्या दर्शनी भागावर डकवावे, असेही कायदा सांगतो. पण जेथे दर्शनी भागच उरलेला नाही, घर होते तेथे कंटेनर रचले गेले आहेत, तेथे समन्स कोठे डकवावयाचे? कागदावर ‘इसम मिळून येत नाही’ असा शेरा येतो, आणि घरी बसलेला माणूस कोर्टाच्या दृष्टीने पळालेला ठरतो.

दुसरा वर्ग ट्रेलर चालविणाऱ्यांचा. परप्रांतातून आलेला चालक येथे भाड्याच्या खोलीत राहतो. रस्त्यावर अपघात होतो, गुन्हा नोंदला जातो, जामिनावर सुटका होते. पुढे मालक बदलतो, खोली बदलते, गावी जाणे होते, आणि तारखा निघून जातात. तिसरा वर्ग व्यापारी आणि वाहतूकदारांचा. चेक न वटल्याचा खटला घेणेकऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील कोर्टात चालतो, अशी दुरुस्ती २०१५ साली झाली. त्यामुळे उरणच्या माणसावर दूरच्या एखाद्या शहरातून वॉरंट निघू शकते, आणि त्याचा त्याला गंधही नसतो.

न बजावलेले वॉरंट निरुपद्रवी असते असे मात्र समजू नका. पासपोर्ट अधिनियम, १९६७ प्रमाणे, अर्जदाराविरुद्ध कोर्टाचे पकडवॉरंट असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, आणि दिलेला जप्तही करता येतो. ज्या कोकणपट्टीतील मुले जहाजावर आणि आखातात नोकरीस जातात, तेथे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय जामिनावर सुटून तारखेस न जाणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आपल्यासाठी जो जामीन राहिला त्याचे काय? आपल्याकडे जामीनदार बहुधा सातबाराचा उतारा घेऊन उभा राहतो. बंदर आणि नवे शहर यांना दिल्यानंतर ज्याच्याकडे गुंठा दोन गुंठे उरले, तो शेजारी आपल्या शब्दावर विसंबून ते कोर्टापुढे ठेवतो. आपण गैरहजर राहिलो की मुचलका जप्त होतो आणि दंडाची नोटीस त्याच्या दारी जाते. जमीन वाचविण्यासाठी ज्या गावांनी इतके सोसले, तेथे जामिनापायी शेजाऱ्याची जमीन संकटात घालणे शोभत नाही.

तेव्हा शोध कसा घ्यावा? यासाठी कोणाचा वशिला नको. ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने, किंवा पोलीस ठाणे व गुन्हा क्रमांक यांच्या आधारे खटला शोधता येतो. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वहीत लिहून ठेवावा. खटल्याचा टप्पा आणि रोजनामा वाचला की वॉरंटाचा हुकूम झाला आहे काय, हे बहुधा कळते. उरणचे कोर्ट पाहावे, पनवेलचे पाहावे, आणि व्यवहार जेथे केला असेल तेथील पाहावे. नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोनचार तऱ्हांनी घालून पाहावे, कारण पाटील आणि म्हात्रे यांना आपल्याकडे तोटा नाही! रोजनामा सापडला नाही तर वकिलामार्फत कोर्टाच्या कार्यालयात चौकशी करावी. जुना खटला यादीत दिसत नाही म्हणून हुरळून जाऊ नये. आरोपी बरेच दिवस सापडत नसेल, तर खटला ‘डॉरमंट फाइल’मध्ये ठेवतात. तो झोपलेला असतो, मेलेला नसतो.

वॉरंट आहे असे कळले तर काय करावे? उत्तर चार शब्दांचे आहे: आपण होऊन हजर व्हावे. ज्या कोर्टाने वॉरंट काढले त्याच कोर्टात वकिलासह जावे आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. गैरहजेरीचे खरे कारण लिहावे, आणि पुरावा जोडावा: पुनर्वसनाचा कागद, दवाखान्याचा दाखला, नव्या पत्त्याचे वीजबिल. कोर्ट खर्च भरावयास सांगेल, नवा मुचलका किंवा जामीन मागेल; क्वचित प्रसंगी कोठडीतही पाठवील, हे मी लपवीत नाही. परंतु स्वतःच्या पायांनी आलेला माणूस आणि हातकडीत आणलेला माणूस यांत न्यायाधीश फरक करतात. शनिवारी सायंकाळी, लग्नाच्या मांडवातून उचलले जाण्यापेक्षा सोमवारी सकाळी वकिलाबरोबर पायरी चढणे केव्हाही बरे. वकील करण्याची ऐपत नसेल त्याने तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या अधिनियमाने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार, कोठडीतील माणसे आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. ती भिक्षा नव्हे.

वॉरंट रद्द झाले की काम संपले, असेही नाही. मुंबईच्या एका वकिलांचेच उदाहरण घ्या. त्यांच्यावरील वॉरंट कोर्टाने रद्द केले होते. तरीही १५ ऑगस्ट २००२ रोजी, म्हणजे ऐन स्वातंत्र्यदिनी, पोलिसांनी त्यांना त्याच वॉरंटावर पकडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०११ साली त्या न्यायालयाने निर्देश दिले की, प्रत्येक वॉरंट क्रमांकित नमुन्यावर असावे, त्याची नोंदवहीत नोंद व्हावी, आणि रद्द झालेल्या वॉरंटाची वर्दी संबंधित पोलिसांना तत्काळ पोहोचावी. कायदा जाणणाऱ्याची ही गत, तर आपली काय कथा? म्हणून रद्द झाल्याच्या हुकुमाची प्रमाणित नक्कल घ्यावी, एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी, आणि एक खिशात ठेवावी.

येथे एक धोक्याची सूचना. अलीकडे दूरध्वनीवर, चित्रफितीवर गणवेशातील माणूस दिसतो आणि सांगतो, ‘तुमच्यावर वॉरंट आहे, पैसे पाठवा, नाही तर डिजिटल अटक करतो.’ अशी अटक आपल्या कायद्यात नाही. समन्स आता इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकते, पण कोणतेही कोर्ट फोनवर पैसे मागून वॉरंट रद्द करीत नाही. खरे वॉरंट घेऊन आलेल्या पोलिसाने त्यातील मजकूर सांगावा लागतो, आणि मागितल्यास ते दाखवावेही लागते.

नागरिकाचे कर्तव्य सांगितले, तसे राज्याचेही सांगावयास हवे. अमेरिकेत फर्ग्युसन नावाचे सुमारे एकवीस हजार वस्तीचे गाव आहे. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील कोर्टाची न बजावलेली वॉरंटे सोळा हजारांहून अधिक माणसांवर होती, असे तेथील केंद्र सरकारच्या चौकशीत निघाले. पुष्कळ प्रकरणे वाहतुकीच्या आणि बारीकसारीक दंडांची. २०१५ च्या ऑगस्टमध्ये नव्या न्यायाधीशांनी २०१४ अखेरपर्यंतची वॉरंटे एका हुकुमाने मागे घेतली. मी येथे तसे सरसकट करा असे म्हणत नाही; ज्यांच्या घरातील माणूस ट्रेलरखाली गेला त्यांनाही न्याय हवा असतो, आणि आरोपी हजर झाल्यावाचून त्यांचा खटला हलत नाही. पण ज्या राज्याने गाव हलविले, त्याने त्या गावाचा नवा पत्ता आपल्याच कोर्टाला आणि पोलिसांना कळवावा, एवढे मागणे काही फार नाही.

मित्रहो, या तालुक्याला वॉरंट नवीन नाही. १९३० च्या सप्टेंबरात चिरनेरच्या जंगलात सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसांनी तुरुंग पाहिले. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात, स्वतः वकील असलेल्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि पाच जण गोळ्यांना बळी पडले. ती माणसे कायद्यापुढे उभी राहिली, त्याच्यापासून लपली नाहीत. त्यांच्या नातवंडांनी एका चेकच्या किंवा एका अपघाताच्या कागदापायी दारावरची थाप ऐकून मागल्या दाराने का निघावे? या आठवड्यात आपापल्या घरात एकदा विचारा: कोणाची तारीख चुकली आहे काय, कोण कोणाला जामीन आहे? उत्तर ‘होय’ आले तर त्या माणसाबरोबर कोर्टाच्या पायरीपर्यंत जा. एकट्याला ती पायरी फार उंच वाटते.