फुकटचे कूपन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्यावर जे बेतले तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

२०२४ च्या गणपतीआधीची गोष्ट. मखराचे सामान आणायला दादरला गेले होते. एका विक्री-प्रदर्शनाच्या दाराशी काचेची पेटी नि शेजारी नवा कोरा मिक्सर मांडलेला. "ताई, कूपन भरा, पैसे पडत नाहीत." फुकट म्हटल्यावर आपला हात थांबतो का? नाव, पत्ता, फोन, यजमानांचा पगार, जागा स्वतःची की भाड्याची, सारे लिहून दिले. वर आणखी, चार कूपने टाकली तर नशीब चौपट, म्हणून यजमानांचा, जाऊबाईंचा नि सासूबाईंचा नंबरही त्यांना न विचारता लिहिला.

मिक्सर काही आला नाही. फोन मात्र आले. कर्ज घ्या, विमा घ्या, प्लॉट घ्या! एकाने तर "बक्षीस लागले, जोडीने हॉटेलात या" म्हणून बोलावले. तिथे तीन तास बसवून सहलीच्या सभासदत्वासाठी हजारो रुपये मागितले. आम्ही कसेबसे सुटून आलो. सासूबाई तर प्रत्येक फोनवाल्याला "कोण रे बाळ?" म्हणून घरची सगळी हकीकत सांगत बसायच्या.

आता गंमत अशी, की असले फोन नकोत अशी नोंद मुलाने केव्हाच केलेली. ही सोय आपल्या देशात २००७ पासून आहे. १९०९ या नंबरावर नोंद होते. मग फोन कसे? मुलाने कूपनाचा उरलेला अर्धा भाग उजेडात धरून वाचला. मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, की माझी 'नको'ची नोंद असली तरी ही कंपनी नि तिच्या सोबतच्या कंपन्या मला फोन करू शकतात. खाली माझीच सही! अमेरिकेत २००३ साली अशी नोंदवही निघाली, तिथेही सोडतीच्या कूपनांची हीच युक्ती चालली, असे मुलगा सांगत होता.

पुढे कंटाळून मी अनोळखी फोन उचलायचेच सोडले. आणि एका रात्री वन्संना परळच्या इस्पितळात न्यावे लागले. भाचीच्या फोनची बॅटरी संपलेली. तिने दुसऱ्या कोणाच्या फोनवरून पाच वेळा लावला. पाचही वेळा मी कर्जवाला समजून कापला. पंधरा वर्षांची पोर पहाटेपर्यंत एकटी बसली. देवाच्या दयेने वन्सं बऱ्या झाल्या. पण भाची एवढेच म्हणाली, "मामी, तू उचलला नाहीस." ते अजून मनातून जात नाही.

भगिनींनो, आपण अगदीच निराधार नाही. २०१८ च्या नियमांप्रमाणे दिलेली संमती मागे घेता येते. नको असलेला फोन आला तर ७ दिवसांच्या आत १९०९ वर तक्रार करता येते. २०२५ च्या फेब्रुवारीतील दुरुस्तीआधी ३ च दिवस होते. तक्रारीसाठी फोनचा नंबर, तारीख नि वेळ लिहून ठेवावी. विश्वासाने दिलेली आपली माहिती दुकानदाराने परस्पर दुसऱ्याला देणे ही २०१९ च्या ग्राहक कायद्याने अनुचित प्रथा ठरते. त्यासाठी १९१५ हा ग्राहकांचा नंबर आहे. मी स्वतः तक्रारी केल्या. फोन थांबले नाहीत, पण पुष्कळ कमी झाले.

तरी खरा उपाय पेटीपाशीच आहे. कूपनाची मागची बाजू वाचावी. वाचता येत नसेल तर मुलाबाळांकडून वाचून घ्यावी. आणि दुसऱ्याचा नंबर त्याला विचारल्याशिवाय कधीही लिहू नये. मी जाऊबाईंची नि सासूबाईंची माफी मागितली आहे. आज सर्वांसमक्ष पुन्हा मागते.

जाता जाता एक सूचना. आपल्या हळदीकुंकवाच्या सोडतीतही चिठ्ठीवर फोन लिहून घेतो. यंदापासून नुसते नाव नि खोली नंबर पुरे. बक्षीस लागले तर जिन्यातून हाक मारू!