दोन चुलींचा एक संसार

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं गतकालाचें स्मरण करावें असा रिवाज आहे. देऊळ कोणीं बांधिलें, घंटा कोठून आली, शाळा केव्हां निघाली, हें सारें इतर वक्ते आपणांस सांगतीलच. आम्हांस मात्र आज देवळाबाहेर, आपल्या घरच्या चुलीपाशीं, थोडा वेळ बसावयाचें आहे. विषय लहान दिसतो खरा. परंतु ज्याच्या घरीं तो उभा राहिला आहे, त्यास तो लहान वाटत नाहीं.

पूर्वीं आपल्याकडे सोयरीक फार तर दोन गांवांपलीकडे होई. सून येई ती आपल्याच बोलीची व आपल्याच चवीची. हल्लीं आपलीं मुलें आखातांत, युरोपांत, अमेरिकेंत नोकरीस जातात. आणि कोणाची सून केरळची, कोणाचा जांवई जर्मनीचा, कोणाची वहिनी फिलिपिन्सची, असें आपल्या आळ्यांतून दिसूं लागलें आहे. लग्नाचा सोहळा थाटांत होतो. खरी कसोटी पुढें लागते. नवी सून स्वयंपाकघराच्या दाराशीं येते आणि आंत जावें कीं बाहेर थांबावें, हेंच तिला उमगत नाहीं. आंत गेली तर तिच्या हातचें कालवण "आपल्यासारखें" होत नाहीं. बाहेर थांबली तर "हिला आपलें कांहीं नको" असा बोल लागतो. या एका उंबरठ्यावर कित्येक चांगले संसार अडखळतात. म्हणून आज आम्ही एवढीच गोष्ट आपणांपुढें मांडणार आहों कीं, परक्या मुलुखांतून आलेल्या माणसास आपला स्वयंपाक प्रेमानें शिकविणें हें घरच्यांचें कर्तव्य आहे. आणि त्याच्यापासून कांहीं शिकणें हेंही तितकेंच मोठें कर्तव्य आहे.

कोणी विचारील, अशानें आपली वाडवडिलांची चव बिघडणार नाहीं काय? तर मग ही "आपली चव" कोठून आली, तें आधीं पाहूं. जिच्यावांचून आपला घास उतरत नाहीं ती मिरची मूळची अमेरिका खंडांतली. ज्ञानेश्वरी १२९० सालीं झाली. त्या काळच्या मराठी स्वयंपाकघरांत मिरची नव्हती, बटाटा नव्हता, काजूही नव्हता. तिखटपणा असे तो मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि आल्याचा. पुढें पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर मिरची आली, आणि आपल्या लोकांनीं मिऱ्यांच्या नांवावरूनच तिचें नांव पाडिलें. नव्या नवरीस सासरचें नांव द्यावें, तसाच हा प्रकार झाला. आज ती घरांत इतकी रुळली आहे कीं, तिचें माहेर कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

पाव, बटाटा, काजू, अननस हे शब्द पोर्तुगीज भाषेंतूनच आपल्याकडे आले. शिवणाची पेटी उघडून पहा. गुंडीसाठीं करितात तें काज, झग्याला लावितात ती फीत, आणि कपड्यावर शेवटीं फिरवितात ती इस्त्री, हे तिन्ही शब्द त्याच वाटेचे पांथस्थ होत. तेव्हां आपलें स्वयंपाकघर आणि आपली सुईदोऱ्याची पेटी, हीं दोन्हीं जुन्या काळापासून मिश्र घराण्याचीं आहेत.

हें मिश्रण झालें कसें? इ. स. १५१० त अफोंसो द आल्बुकर्क यानें गोवें जिंकिलें. पोर्तुगालहून स्त्रिया फारच थोड्या येत. म्हणून त्यानें आपल्या लोकांस येथील स्त्रियांशीं विवाह करण्यास उत्तेजन दिलें. १५३४ त गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांस मिळाली, आणि १७३९ त चिमाजी आप्पांनीं ती घेईपर्यंत तेथेंही त्यांची वस्ती राहिली. गोव्याच्या त्या विवाहांत राज्यकारभाराचा हिशेब मोठा होता, आणि त्यांस आदर्श म्हणण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. परंतु त्या मुलुखांत चुलीपुढें जें घडलें, तें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पोर्तुगीज लोक द्राक्षांच्या मद्यांत व लसणींत मांस मुरवीत. येथें द्राक्षांचा शिरका दुर्मिळ. म्हणून माडाच्या माडीचा शिरका आला. लसूण राहिली, आणि तिच्या सोबतीस पाट्यावर वाटलेली मिरची, जिरें व मिरीं आलीं. यालाच आपण विंदालू म्हणतों. पाव फुगविण्यासही माडीच उपयोगी पडली. अंडीं व साखर यांच्या गोड पदार्थांत नारळाचें दूध शिरलें आणि थरावर थर चढून गोव्याचें बेबिंक झालें. यांत कोणीं कोणाचें राखलें आणि कोणीं कोणाचें घेतलें, हें आतां निवडूं म्हटलें तरी निवडतां येणार नाहीं.

याच गोव्यांत याच्या उलट प्रयोगही झाला. इन्क्विझिशन नांवाच्या धर्मन्यायासनानें १७३६ सालीं फर्मान काढून ख्रिस्ती घरांतील कित्येक देशी चालींस बंदी केली. तींत वधूवरांस लावावयाची हळद होती, अंगणांतली तुळस होती, आणि हिंदूंप्रमाणें भात अळणी शिजवून मीठ मागाहून घेण्याची रीतही होती! भाताच्या मडक्यापर्यंत हुकमाचा हात पोंचला. तें न्यायासन १८१२ त कायमचें बंद झालें. हळद मात्र आपल्या लग्नघरीं अजून लागते. यावरून एवढा बोध घ्यावा कीं, हुकमानें चूल बदलत नाहीं, सहवासानें बदलते. आणि भगिनींनो, "आमच्या घरीं असें चालत नाहीं" हें सासूच्या तोंडचें वाक्यदेखील एक लहानसें फर्मानच नव्हे काय?

आतां शिकवावें कसें, तें सांगतों.

पहिली गोष्ट, "अंदाजानें घाल" हें उत्तर देऊं नये. तीस वर्षें चूल फुंकलेल्या हातास अंदाज असतो. काल आलेल्या हातास तो कोठून असणार? आपली मूठ एकदां तराजूंत घालावी, वाटी मोजून घ्यावी, आणि मग सांगावें.

दुसरी गोष्ट, कृतीबरोबर कारणही सांगावें. फोडणींत हळद मोहरीच्या मागून कां? तर ती लवकर करपते व कडू होते. नारळाचें पहिलें दाट दूध शेवटीं कां? तर खळखळ उकळलें म्हणजे तें फुटतें. तांदळाच्या भाकरीस पिठाची उकड कां काढावी लागते? तर त्या पिठास गव्हासारखी चिकाटी नसते, आणि उकडीवांचून भाकरी थापतांना चिरते. शिरक्याचें कालवण कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांत कां ठेवूं नये? तर आंबटानें तें कळकतें व पोटास अपाय करितें. गव्हाच्या पावावर वाढलेल्या मुलीस हें कोणीं सांगितलेंच नाहीं, तर तिची भाकरी चिरली यांत तिचा दोष तो कोणता?

तिसरी गोष्ट, तिला प्रश्न विचारूं द्यावेत. कारण त्यांत आपलाच मोठा लाभ आहे. उन्हाळ्यांत, पाऊस लागण्यापूर्वीं, आपल्यांतील पुष्कळ घरीं वर्षाचा बाटलीचा मसाला होतो. मिरची, धणे, तीळ, खसखस, हळकुंडें असे अनेक जिन्नस वेगवेगळे भाजावे लागतात. कारण खसखस क्षणांत करपते, हळकुंडास वेळ लागतो. याचें प्रमाण प्रत्येक घराचें निराळें, आणि बहुधा तें एकाच वृद्ध स्त्रीच्या मुखीं असतें. घरच्या लेकी तें विचारीत नाहींत. "आई आहे ना" म्हणून निश्चिंत असतात. एके दिवशीं आई जाते, आणि तिच्याबरोबर शंभर वर्षांचा मसालाही जातो. परकी सून मात्र वही घेऊन बसते व "धणे किती, मिरची कोणती" म्हणून पिच्छा पुरविते. तिच्या या विचारण्याचा कंटाळा करूं नका. जी आपणांस परकी वाटते, तिच्याच वहींत उद्यां आपल्या घराची चव सांपडेल.

चौथी गोष्ट पुरुषांकरितां आहे. दूरच्या देशाहून जिनें तुमच्यासाठीं घर सोडलें, तिला चुलीपाशीं एकटी सोडून बैठकीच्या खोलींत बसणें शोभत नाहीं. नारळ खवणें, मासळी साफ करणें हीं कामें दोघांनीं मिळून केलीं, तर भाषा नीट येण्यापूर्वींच बोलणें सुरू होतें.

हस्तकामाचेंही तसेंच आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांत बंगालमधील सातगांवच्या बाजूस पोर्तुगीजांसाठीं रजया भरीत. पांढऱ्या सुती कापडावर पिवळ्या टसर रेशमानें येथील कारागीर युरोपीय गलबतें, शिकारी, इतकेंच नव्हे तर शलमोन राजाच्या न्यायाची कथादेखील भरीत. विषय एकाचा, टांका दुसऱ्याचा! आपल्याकडे जुन्या लुगड्यांचे थर धांवदोऱ्यानें जोडून गोधडी होते. युरोप-अमेरिकेंतील स्त्रियाही चिंध्यांचे तुकडे सांधून पांघरुणें करितात. काटकसर एकच, हात निराळे. सून आपल्या माहेरची वीण घालीत असेल, तर सासूनें शेजारीं गोधडी घेऊन बसावें. तास दोन तास असे बसल्यानें जें साधतें, तें महिनाभराच्या उपदेशानें साधत नाहीं.

आणि आपण आपल्या दूर गेलेल्या लेकीचाही विचार करावा. परदेशांत तिला माडीचा शिरका मिळत नाहीं. ती सफरचंदाचा वापरते. कोकम मिळत नाहीं, लिंबू पिळते. तेथें तिच्या सासूनें नाक मुरडावें असें आपणांस वाटेल काय? चार शतकांपूर्वीं या किनाऱ्यावर द्राक्षांच्या शिरक्याऐवजीं माडीचा शिरका ज्यांनीं घातला, त्यांच्याच वाटेनें ती चालली आहे. जें आपल्या लेकीस मिळावें असें आपणांस वाटतें, तेंच दुसऱ्याच्या लेकीस आपण द्यावें.

पवित्र शास्त्रांतील रूथ ही मवाब देशची, म्हणजे परकीच. बवाजानें तिला जेवणाच्या वेळीं जवळ बोलाविलें आणि भाकर शिरक्यांत बुडवून खावयास सांगितलें. पुढें तिच्याच वंशांत दावीद राजा जन्मला. परक्या स्त्रीस आपल्या पंक्तीस बसविण्यानें घराण्यास उणेपणा येत नाहीं, हें याहून स्पष्ट कोणीं सांगावें?

म्हणून शेवटीं एकच विनंति. या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरीं एक कोरी वही आणावी. एका पानावर घरच्या वडील स्त्रीनें आपला एक पदार्थ मोजमापासह सांगावा. समोरच्या पानावर बाहेरून आलेल्या सुनेनें किंवा जांवयानें आपला एक लिहावा. आणि ते दोन्ही पदार्थ महिन्यांतून एकदां एकाच दिवशीं, दोघांनीं मिळून, रांधावेत. पुढची ज्युबिली येईल तेव्हां आपल्यांतील कित्येक वडील माणसें येथें नसतील. ती वही मात्र असावी, आणि तींतले दोन्ही पदार्थ "आपलेच" म्हणून कोणी आवडीनें खात असावें.