आईचा एकटीचा फोटो आहे का तुमच्याकडे?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय.)

आज सुरुवातीलाच एक काम देते. ऐकता ऐकता मोबाईलची गॅलरी उघडा आणि तुमच्या आईचा एक फोटो शोधा. अट एवढीच, की फोटोत ती एकटी पाहिजे. कडेवर कोणाचं पोर नको, शेजारी बाबा नकोत, हातात ओवाळायचं ताट नको. आणि हो, आधार कार्डाचा फोटो चालणार नाही. शोधा निवांत. तोवर मी माझी गोष्ट सांगते.

मी पुणतांब्याची. गोदावरीच्या काठचं गाव, चांगदेव महाराजांची समाधी आमच्याकडे आहे. दौंड-मनमाड लाईनवरचं स्टेशन, शिर्डीचा रेल्वेफाटा इथूनच फुटतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी आमचं नाव पहिल्यांदा २०१७ मध्ये ऐकलं असेल. १ जूनला शेतकरी संप सुरू झाला, तो इथून. तेव्हा गावात टीव्हीवाले, कॅमेरे, नुसती गर्दी. मीसुद्धा मोबाईलवर भरपूर फोटो काढले होते. मध्यंतरी ते पुन्हा बघत बसले, तर त्यात बाया किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि कांद्याची लागवड कोण करतं, खुरपणी कोण करतं, हे गावाकडच्यांना मी सांगायला नको.

मी लग्नाच्या ऑर्डरी करते. हळद, साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण, सगळं. म्हणजे फोटो हाच माझा धंदा. आणि माझी आजी गेली त्या रात्री आमच्या घरात आजीचा फोटो नव्हता.

दशक्रियेला फोटो लागतो, हार घालायला. घरातले सगळे अल्बम काढले. आत्याच्या लग्नात आजी आहे, पण पंगतीत वाकून वाढताना, चेहरा भांड्यामागं. चुलतभावाच्या बारशात आहे, पण अर्धी. तिसऱ्या फोटोत पदर आडवा आला. माझ्या हार्ड डिस्कमध्ये दुसऱ्यांच्या घरच्या आज्यांचे हजारो फोटो होते. माझ्या आजीचा एकही नाही. कॅमेरा समोर धरला की ती म्हणायची, "मला काय काढती म्हातारीला, नवरीला काढ." आणि मी खरंच नवरीला काढत राहिले.

शेवटी आधार कार्डावरून फोटो घेतला. फ्लेक्सवाल्यानं त्याच्या पद्धतीनं तो 'चांगला' केला. म्हणजे चेहरा गोरा केला, सुरकुत्या पुसल्या आणि मान कापून एका जांभळ्या साडीवर बसवली. आजीनं जन्मात तसली साडी नेसली नव्हती. वडील त्या फोटोसमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "ही आमची बाई वाटत नाही." ते आजीला बाईच म्हणायचे. तो फोटो अजून भिंतीवर आहे. दुसरा नाहीच, तर काय लावणार?

त्यानंतर मी ठरवलं, आता आधी आईचा फोटो काढायचा.

आई म्हणाली, "माझा कशाला? मला काय कुठं दाखवायला जायचंय?" तरी मागं लागून तिला तयार केलं. नवी साडी नेसवली, अंगणात उभी केली आणि लग्नातल्यासारखी सुरू झाले. हनुवटी वर, खांदे सैल, जरा हास ना. तुम्हाला सांगते, इतके वाईट फोटो मी कधी काढले नाहीत. आई अशी उभी होती की जणू सेतू केंद्रात नंबर लागलाय. तिचंही चुकत नव्हतं. आयुष्यभर तिला कॅमेऱ्यानं एकटं गाठलं ते फक्त कागदपत्रांसाठी. रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, मतदान कार्ड. तिथं सांगतात सरळ बघा, हलू नका. ती तेच करत होती.

मी कॅमेरा ठेवून दिला. चहा केला. ती दारात, ओसरीवर लसूण सोलत बसली आणि बोलायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदा रेल्वेनं माहेरी एकटी गेली ती गोष्ट. डब्यात बसायला जागा कशी मिळवली, कोणाशी कशी भांडली. ऐकता ऐकता मी मोबाईलच उचलला. दारातून उजेड येत होता. तिला दिसत होतं की मी फोटो काढतेय, पण आता तिला सांगायला काहीतरी होतं. तो फोटो आला.

मी तिला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. तर म्हणाली, "गालावरचा वांग काढता येतो का गं?"

मी लेक्चरच सुरू केलं! आई, तू आहेस तशीच छान आहेस, फिल्टर म्हणजे खोटं, बाजारानं आपल्याला कमीपणा शिकवलाय, वगैरे वगैरे. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटो माझा आहे ना?"

"हो."

"मग मी सांगते तसा कर."

मंडळी, मी गप्प बसले. कारण फ्लेक्सवाल्यानं आजीला न विचारता तिचा चेहरा पुसला होता आणि मी आईला न विचारता तिचा चेहरा जपायला निघाले होते. दोघांनीही फोटोतल्या बाईला विचारलं नव्हतं. मी वांग काढलेला एक केला आणि मूळचा एक ठेवला, दोन्ही तिला दिले. काढलेला तिनं व्हॉट्सॲपच्या डीपीला लावला. मूळचा प्रिंट करून घेतला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

डीपी बघून शेजारच्या काकू आल्या. मग त्यांची जाऊ. मग खुरपणीच्या टोळीतल्या दोघी, कामावरून परस्पर. "आमचा पण काढ, पण आमच्या ह्यांना सांगू नको." असं करत करत मोकळ्या दुपारी आमच्या ओसरीवर हे सुरू झालं. शहरात याला पोर्ट्रेट सेशन म्हणतात आणि त्याचे पैसेही बरे मिळतात. आमच्याकडे चहा असतो.

एक काकू आल्या, मिस्टर जाऊन पाच-सहा वर्षं झालेल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "दार लाव." पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. लाल, मोठी टिकली. त्यांनी आरशात बघून लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला, हे तुम्हाला माहीत असेल. राज्य सरकारनंही नंतर बाकीच्या गावांना तसंच करायला सांगितलं. ठराव कागदावर होतो. पण आरशासमोरचा हात तरीही थांबतो, ते मी त्या दुपारी पाहिलं. मी काहीच बोलले नाही. यावेळी लेक्चर नाही! टिकली लावून एक फोटो काढला, टिकलीशिवाय एक.

मग त्या म्हणाल्या, "मोबाईलवर पाठवू नको. कागदावर दे आणि तुझ्याकडचा पुसून टाक." मी प्रिंट दिली आणि त्यांच्यासमोर फोटो डिलीट केला. नुसता गॅलरीतून नाही. डिलीट केलेला फोटो काही दिवस मोबाईलच्या ट्रॅशमध्ये राहतो, तिथून काढला. गुगल फोटोजचा बॅकअप चालू असतो, तिथलाही तपासला. तुम्हाला हे बारीक वाटेल, पण त्यांचा सगळा भरवसा त्याच्यावर होता. आज त्यांची गोष्टसुद्धा मी त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही अशी सांगतेय.

'दार लाव' या शब्दांवरून एक जुनी गोष्ट आठवली. १८९२ मध्ये हैदराबादला लाला दीनदयाळ या नामवंत फोटोग्राफरनं खास बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला होता. जनाना स्टुडिओ. उंच भिंतींच्या आड. कारभार बघायला केनी-लेव्हिक नावाची बाई आणि आत काम करणाऱ्याही बायकाच. म्हणजे सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी कोणाला तरी कळलं होतं, की बाईला फोटो नको असतो असं नाही. समोर कोण आहे आणि फोटो पुढे कोणाच्या हातात जाणार, ही तिची अडचण असते.

दुसरा फोटो तुम्ही इंटरनेटवर नक्की पाहिलाय. आनंदीबाई जोशींचा. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं महिला मेडिकल कॉलेज. भारताच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघी शेजारी शेजारी, आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या, वयाची बावीस पूर्ण व्हायच्या आधी. पेशंट तपासायला त्यांना आयुष्यच उरलं नाही. पण आज त्यांचा चेहरा आपल्याला माहीत आहे, कारण तेव्हा कोणीतरी त्यांना नीट बसवून फोटो काढला.

एक गैरसमज नको. फोटोनं कोणाचं आयुष्य बदलत नाही. ज्या काकूंचा मस्त फोटो काढला त्यांचा नवरा दुसऱ्या दिवशीही तसाच ओरडतो, मजुरी तेवढीच मिळते. पण अर्धा तास समोरचं माणूस फक्त आपल्याकडे बघतंय, घाई करत नाही, काही काम सांगत नाही, हे बऱ्याच जणींच्या वाट्याला पहिल्यांदाच येतं. जाताना त्यांची चाल जरा वेगळी असते, एवढं मी सांगू शकते.

आता तुमच्यासाठी. कॅमेरा लागत नाही, हातातला फोन बास झाला.

एक. उजेड. भर उन्हात उभं करू नका, डोळ्यांखाली काळं येतं. घराच्या आत, उघड्या दाराशी किंवा खिडकीशी बसवा, उजेड चेहऱ्याच्या एका बाजूनं येऊ द्या. दुसरी बाजू फार काळी वाटली तर तिकडे पांढरं धोतर किंवा चादर टांगा. उजेड परत फिरतो.

दोन. फोन चेहऱ्याजवळ नेऊ नका, नाक मोठं दिसतं. दोन पावलं मागे या आणि फोनला वेगळी झूमची लेन्स असेल तर दोन एक्स वापरा. फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. ती खाली बसली असेल तर तुम्हीही खाली बसा.

तीन. कॅमेऱ्याचं ब्यूटी मोड बंद करा. बऱ्याच फोनमध्ये ते आपोआप चालू असतं. आणि रंग सावळा असेल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड तिथं जुळवून घ्या. फोटोत काळी आले, असं आपल्या बाया म्हणतात ना? त्यात दोष कॅमेऱ्याचाही असतो. कोडॅकसारख्या कंपन्या कित्येक वर्षं रंग जुळवायला गोऱ्या बाईचाच नमुना फोटो वापरायच्या, त्याला शर्ली कार्ड म्हणत. सावळ्या चेहऱ्याचा विचारच त्यात नव्हता.

चार. 'हास' म्हणू नका. प्रश्न विचारा. तुझी शाळेतली मैत्रीण कोण होती? पहिल्या पगाराचं, पहिल्या मजुरीचं काय केलंस? आणि उत्तर खरंच ऐका.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. काढलेले सगळे फोटो तिला दाखवा. ठेवायचा कोणता, पुसायचा कोणता, एडिट करायचा का, स्टेटसला लावायचा का, हे तिनं ठरवायचं. तुम्ही नाही. मदर्स डेला न विचारता स्टोरी टाकणारे आपण सगळेच आहोत, मीसुद्धा त्यात आले.

आणि एक प्रिंट काढा. फोन हरवतो, फुटतो. कागद साड्यांखाली राहतो.

तर, सापडला का आईचा एकटीचा फोटो? सापडला असेल तर भाग्यवान आहात. नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, ती घरी आहे तोवर वेळ गेलेली नाही. माझ्याकडे आजीचा तो जांभळ्या साडीतला फोटो आहे. रोज बघते. रोज वाटतं, एकदा तिच्या शेजारी बसायला पाहिजे होतं, फोन हातात घेऊन, आणि विचारायला पाहिजे होतं, "आजी, तू लहानपणी कशी होतीस गं?"

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.