ओळखीचा आवाज, अनोळखी चोर

उमरीकरांना बँकेवरील धाड हा विषय नवा नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सशस्त्र कार्यकर्त्यांनी येथील बँकेतील लाखोंची रक्कम हस्तगत करून ती निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याकडे वळविली. त्या पराक्रमाची आजच्या भामटेगिरीशी तुलना करणे हा त्या वीरांचा अपमान ठरेल. परंतु एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्या काळी तिजोरीपर्यंत पोहोचावयाचे, तर जिवावर उदार होऊन गावात यावे लागे. आजच्या चोराला उमरी कोठे आहे, हेही ठाऊक असण्याचे कारण नाही.

फिशिंग, म्हणजे गळ टाकून मासा पकडण्याची ही विद्या, तशी जुनीच. बँकेच्या नावाने संदेश येतो, खाते बंद पडण्याचा धाक घालतो आणि ओटीपी मागतो. आजवर सामान्य कुटुंबाचे रक्षण केले ते बहुधा त्या संदेशाच्या भाषेने. मोडकी वाक्ये, चुकलेल्या वेलांट्या, मराठवाड्यात कधीही न ऐकलेले हेल. एवढ्यावरून शहाणा माणूस फोन ठेवून देत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेने हा पहारा उठविला. आता कोणत्याही भाषेचा गंध नसलेला भामटा क्षणार्धात शुद्ध मराठीत पत्र लिहवून घेतो. अशुद्ध मराठी हीच आपली ढाल होती, असे म्हणण्याची वेळ यावी, हा भाषाप्रेमींच्या दृष्टीने चमत्कारिकच योग!

आवाजाचेही तेच झाले. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अवघ्या तीन सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरून आवाजाची नक्कल करणारी प्रणाली जगापुढे मांडली. वर्षभरात, जानेवारी २०२४ मध्ये, एका खेळाच्या ॲपची भलामण करणारी सचिन तेंडुलकर यांची बनावट चित्रफीत पसरली आणि त्यांना स्वतः खुलासा करावा लागला. त्याच सुमारास हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने दूरदृश्य बैठकीत वरिष्ठांना पाहिले, ऐकले आणि त्यांच्या आज्ञेनुसार वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठविले. पडद्यावरील ती वरिष्ठ मंडळी बनावट होती. प्रारंभी त्याला संशय आला होता. ओळखीचे चेहरे दिसताच तो मावळला.

हाँगकाँग दूर आहे, असे कोणी म्हणेल. पण उमरी तालुक्यातील किती घरांत आज केवळ आईवडील उरले आहेत? मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला. त्यांचा सारा संसार फोनवरील आवाजावर चालतो. सोयाबीनची पट्टी नुकतीच खात्यात जमा झाली आहे आणि रात्री लेकाच्या आवाजात हुंदका येतो, "बाबा, अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा." अशा वेळी कोणता बाप व्याकरण तपासणार?

म्हणून उपाय यंत्रात शोधण्यापेक्षा घरात शोधलेला बरा. यंत्र आवाज उचलते. घरातील टोपणनाव, गोठ्यातील गायीचे नाव वा गेल्या पोळ्याला कोण आले होते, हे त्याला कोणी पुरविल्यावाचून कळत नाही. तेव्हा असा एखादा प्रश्न विचारावा. त्याहून उत्तम म्हणजे फोन बंद करून आपल्याजवळील नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा. लेक रागावला तरी चालेल. पोलिसाच्या वेषात कोणी 'डिजिटल अटक' करू लागला, तर अशी अटक भारतीय कायद्यात नाहीच, हे ठाऊक असू द्यावे.

आणि तरीही पैसे गेले तर? येथे आपली मध्यमवर्गीय लज्जा चोराच्या मदतीला धावते. सुनेला काय वाटेल, गावात हसे होईल, या विचारात रात्र उलटते आणि तेवढ्यात रक्कम अनेक खात्यांतून फिरून नाहीशी होते. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळविल्यास ती वाटेत गोठविण्याचा प्रयत्न होऊ शकतो. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि आलेला संदेश जपून ठेवावा, तो पुसून टाकू नये. बँकेलाही त्याच वेळी कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. शेजारच्या घरातील एकट्या आजीआजोबांचा फोन अवेळी घणघणला आणि ते घाबरेघुबरे दिसले, तर दार ठोठावून चौकशी करण्यास संकोच कशाचा?