टोला कमरेतून

यंदा उत्सवात विटीदांडूचे सामने ठरले आणि मुलांना टोला शिकवायचे काम आम्हा चार-पाच सरकारी नोकरांकडे आले. मुले नुसता हात फिरवतात. विटी दहा पावलांवर पडते. म्हणून आम्ही त्यांना गोल्फ दाखवला. आदिलाबादेत त्याचे मैदान कुठले! पण पुण्याचे उदयन माने 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिक खेळले, त्यांचा टोला मोबाइलवर संथ करून दाखवला. काठी मागे नेताना खांदे साधारण 90 अंश वळतात, कंबर त्याच्या निम्मी. परतताना आधी पुढच्या पायावर भार, मग कंबर, मग छाती, मग हात. मनगट सर्वांत शेवटी. दांडू एका हाती असला तरी क्रम हाच.

आता ज्येष्ठांसाठी. आपण खुर्चीवरची माणसे. कण्याचा खालचा भाग मुळात फारसा वळत नाही. ते काम खुब्यांचे आणि छातीमागच्या कण्याचे. खुबे आखडले की ताण खाली येतो, पाठ धरते. तेव्हा रविवारच्या सामन्याआधी लांब काठी खांद्यांवर आडवी धरून दोन्हीकडे दहा-दहा वेळा सावकाश वळा. मागची टाच उचलली तरी चालेल. वहिनींनीही यावे, त्यांची नावे अजून कमीच आहेत.