शिलाई चितगावला का गेली?

उद्योजक बंधू-भगिनींनो,

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर, कुठेही गेलो तरी मला एकच प्रश्न ऐकू येतो. कापूस आपला, सूत आपलं, मग परदेशातल्या दुकानातल्या शर्टावर बांगलादेशचं नाव का? उत्तरही ठरलेलं असतं, तिथे मजुरी स्वस्त. पण मजुरी स्वस्त असलेले देश पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांकडे काम गेलेलं नाही.

१९७४ पासून मल्टिफायबर कराराखाली श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे लावले. कोरियाच्या देवू कंपनीला कोट्याची अडचण नसलेला देश हवा होता. नुरुल कादर यांच्या, बांगलादेशातल्या चितगावच्या देश गार्मेंट्सशी तिने करार केला आणि १९७९ साली तिथले १३० जण कोरियात शिकायला नेले. पुढच्या काही वर्षांत त्यांतले बहुतेक जण बाहेर पडले आणि ते कसब कारखान्या-कारखान्यांत पोचलं.

त्याहून मोलाची वाटते ती तिथल्या सरकारने आणि बँकांनी करून दिलेली सोय. निर्यातीच्या मालाचं कापड जकात न भरता बॉन्डेड गोदामात आणता येऊ लागलं. परदेशी ग्राहकाच्या एलसीच्या, म्हणजे त्याच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्राच्या, भरवशावर बँक कापडवाल्याच्या नावे दुसरी एलसी उघडून देऊ लागली. कारखानदाराने कापडाचे पैसे आधी घालायचेच नाहीत. माल गेला, पैसे आले, की त्यातून कापडवाल्याचे चुकते करायचे. आपल्यापैकी ज्यांचं निम्मं भांडवल उधारीत अडकलंय, त्यांना या सोयीची किंमत मी सांगायला नको.

त्या काळात आपण तयार कपडे लघुउद्योगासाठी राखून ठेवले होते. छोट्याला संरक्षण मिळालं, पण मोठी ऑर्डर वेळेत पुरी करणारा कारखाना आपण वाढू दिला नाही. विणलेल्या कापडाच्या कपड्यांवरचं ते आरक्षण २००० च्या वस्त्रोद्योग धोरणाने उठवलं. लगेच २००१ मध्ये युरोपने अल्पविकसित देशांचा माल बिनजकात घ्यायला सुरुवात केली, आणि २०११ पासून तर कापड कुठलंही असलं तरी शिलाई त्या देशांत झाली की जकात माफ झाली. तेच कापड इथे शिवलं की जकात पडायची.

या स्वस्त शर्टाची एक किंमत कुठल्याच वहीत चढत नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली. ११०० हून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशीच इमारतीला तडे गेले होते. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, वरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. काम परत आणायचं तर मजुरी दाबा, तपासण्या सैल करा, असं आपल्यातले काही जण म्हणतात. मला हे मुळीच मान्य नाही. कमी करायचा तो अडकलेल्या पैशाचा खर्च.

माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. आता मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट पैसे चुकते होईपर्यंत आयकरातही मिळत नाही. तरी तक्रार करायला कुणी धजत नाही, कारण पुढचं काम त्याच व्यापाऱ्याकडून यायचं असतं. म्हणून या परिषदेच्या दुपारच्या सत्रात अध्यक्ष म्हणून मी ठराव मांडणार आहे. तक्रार करणाऱ्या सभासदाचं काम जो व्यापारी तोडेल, त्याचं काम आपल्यापैकी कुणीही घेऊ नये. पक्क्या ऑर्डरवर सूतखरेदीसाठी कर्ज मिळावं, म्हणून बँकांकडे एकत्र जावं. आणि प्रत्येक सभासदाच्या शेडचं वायरिंग, जिने आणि बाहेर पडायची दारं यंदाच तपासून घ्यावीत, खर्च संघटनेच्या निधीतून. शेवटच्या मुद्द्याला विरोध होईल, हे मला ठाऊक आहे. तो सभेतच मोकळेपणाने मांडा, म्हणजे मतदानाआधी त्यावर बोलता येईल.